अम्मीच्या हातची

मी, या कागदाच्या तळाशी जिची सही आहे ती, वय त्रेसष्ट, लग्न झालेलं नाही, जन्मापासून याच घरात राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितेय. नाव सहीत वाचावं. वर लिहून उपयोग नाही. घरात धाकटा भाऊ मला आपा म्हणतो, त्याच्या मागची पिढी फुफी म्हणते, अम्मी ‘अगं ए’ म्हणायची. नाव वाचून ही कोण ते घरातल्यांनाच पटकन कळायचं नाही.

मी शुद्धीवर आहे, कुणी धाक घातलेला नाही, कुणी लाडीगोडी लावलेली नाही. बाकीचे लोक हे वाक्य लिहून पुढे सरकतात. मला थांबावं लागतंय, कारण माझ्या भावाचं म्हणणं आहे की माझी गल्लत व्हायला लागलीय. म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला मागे टाचलाय. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी एकोणऐंशीपर्यंत उतरले आणि विचारलं, बाई, तुम्ही भाजी स्वतः आणता की कुणी आणून देतं? त्या हसल्या आणि सही केली. गल्लत नक्की कशाची, ते कलम तीनमध्ये येईल.

१. मी गेल्यावर दफनाचा खर्च माझ्या बचतीतून करावा. तेवढे बाजूला ठेवलेत. कुणाचं देणं नाही. माझ्या नावाने कुणी काही गोड शिजवून वाटू नये. मी जिवंतपणी वाटलंय ते पुरे.

२. घर माझं आहे. अब्बांनी हयात असताना बक्षीसपत्र करून दिलं. अब्बा शिंपी होते, समोरच्या खोलीत त्यांचं मशीन होतं, आणि बोलायचं काम त्यांनी आयुष्यभर अम्मीवर सोडलं होतं. बक्षीसपत्रात कारण लिहिलंय, ‘केलेल्या सेवेबद्दल’. नोकराला घड्याळ देताना लिहितात तसं. पण घर दिलं, ते मी विसरत नाही.

मी वकीलसाहेबांना म्हटलं, सगळं घर भावाच्या सुनेला लिहायचंय.

“नाही जमणार, आपा,” ते म्हणाले. “आपल्यात वारस सोडून दुसऱ्याला तिसरा हिस्साच लिहून देता येतो. बाकीचे दोन वारसाचे. तुमचा वारस कोण?”

“भाऊ.”

“मग भावाचे.”

“भावाने त्यासाठी काय केलंय?”

“जन्म घेतलाय,” वकीलसाहेब म्हणाले. “तेवढं पुरतं.”

मग त्यांचा कारकून टेप घेऊन आला. समोरची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याचं मागचं दार. टेप कोपऱ्याकोपऱ्यात धरून त्याने मापं घेतली, किमती काढल्या. स्वयंपाकघर तिसऱ्या हिश्श्याच्या जरासं आतच बसलं. कारकून म्हणाला, नशीबवान आहात. हे मला पहिल्यांदाच कुणी म्हटलं, म्हणून नोंद करतेय.

तेव्हा समोरची आणि मधली खोली माझ्या भावाला. मी देत नाहीये, त्या जाताहेत. मधल्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, ती पण त्याचीच.

३. गल्लत.

माझ्या भावाचं दुकान आहे. तिथे डब्यातून तयार शेवयांची खीर विकतात, ‘अम्मीच्या हातची’. डब्यावर अम्मीचा फोटो आहे. फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे, तिच्या हातात तेव्हा पर्स होती. पळी फोटोवाल्याने मागाहून घातली. नीट बघितलं तर अम्मीने पळी पर्ससारखी धरलीय.

ती खीर अम्मीने कधी केली नाही. म्हणजे मी दहा वर्षांची होईपर्यंत ईदला खीर अम्मीच करायची. पांढरी, गोड, चारचौघांसारखी. जिच्यावर दुकान उभं आहे ती खरपूस खीर वेगळी. ती माझी आहे, आणि ती चुकून झाली.

धाकटा जन्मला तो रमजानचा शेवटचा आठवडा. अम्मी बाळंतिणीच्या खाटेवर. ईदची खीर कुणी करायची? मी अकरा वर्षांची होते. तोवर माझं काम फक्त बदामांचं. भिजवलेला बदाम दोन बोटांत दाबला की सालातून सुटतो आणि भिंतीवर जाऊन आपटतो. अब्बांच्या मशीनवर नेम धरून मारायचे मी बदाम. अब्बा न बोलता उचलून खिशात टाकायचे आणि रोजा सुटल्यावर तोंडात. ईदची तयारी म्हणजे मला एवढंच वाटायचं.

त्या दिवशी मला पाटावर उभं केलं. मोठं पातेलं, त्यात दूध. अम्मी आतून ओरडून सांगत होती, ढवळत राहा, थांबू नकोस. मी ढवळत होते. मग धाकटा रडायला लागला. अम्मी म्हणाली, “अगं ए, पाळणा हलव जरा, माझ्याने उठवत नाही.” मी गेले, पाळणा हलवला, तो गप्प होईना. तो गप्प झाला तोवर दूध खाली लागलं होतं.

घरभर वास. अम्मी खाटेवरनं उठली, उठवत नव्हतं तरी, आणि माझ्या कानाखाली वाजवली. दुसरं दूध आणायला पैसे नव्हते. अब्बा म्हणाले, वरचं वरचं काढून घे, तळ खरवडू नकोस. तसंच केलं. त्यातच तुपात परतलेल्या शेवया, खजूर, माझे बदाम.

दुसऱ्या दिवशी अब्बांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, कापडाचे व्यापारी, ईद भेटायला आले. वाटी तोंडाला लावली आणि थांबले. मी दाराआडून बघत होते. ते म्हणाले, “वहिनी, हा काय वास आहे? अशी खीर मी कुठेच खाल्ली नाही.” आणि आणखी एक वाटी मागितली.

अम्मी म्हणाली, “आमच्याकडे अशीच करतात.”

बास. एवढंच वाक्य. पुढच्या ईदला तिने मला पाटावर उभं केलं आणि म्हणाली, जरा लागू दे. बाकी ती समोरच्या खोलीत, पाहुण्यांत.

दूध मुद्दाम लावायचं तर ते चुकून लागण्यापेक्षा फार अवघड असतं. रोजा असतो, चाखता येत नाही. नाकावर करायचं. शेंगदाणे भाजल्यासारखा वास आला की हात थांबवायचा, त्याचा भाजलेल्या पावासारखा झाला की पटकन दुसऱ्या पातेल्यात. श्वासभर उशीर झाला की कडू. आणि ईदच्या सकाळी सगळे नव्या कपड्यांत एकमेकांना मिठ्या मारत असताना मी मागच्या दाराशी बसून तळ घासत असायचे. काळा, दगडासारखा. माझ्या नव्या कपड्यांच्या बाह्या कायम वर केलेल्या. एकाही ईदच्या फोटोत मी नाही. बघा काढून.

मी एकविसाची असताना एक स्थळ आलं. मुलगा छापखान्यात होता, बोटांना शाई. ईदनंतर लगेच आले, खीर शिल्लक होती, ती दिली. मुलाची आई म्हणाली, “कुणी केली?” अम्मी म्हणाली, “मीच.” मुलाच्या आईने विचारलं, “आणि मुलीला काय काय येतं?” अम्मी म्हणाली, “शिकेल हळूहळू.”

ते परत आले नाहीत. मला वाटायचं सवयीने बोलून गेली. मग एकदा मधल्या खोलीतून ऐकलं, ती अब्बांना म्हणत होती, “ती गेली तर ईदला काय करायचं?” अब्बांचं मशीन थांबलं नाही.

माझी अम्मी वाईट बाई नव्हती, असं लिहायची इथे रीत असेल. मी लिहीत नाही.

आता धाकट्याबद्दल. तो खोटं बोलत नाही, हे मला मान्य करावं लागतं, आणि तेच जास्त लागतं. त्याला खरंच आठवतं. गेल्या वर्षी मी त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, “आपा, काय बोलतेस? मी डोळ्यांनी बघितलंय. मी लहान, खाली फरशीवर खेळतोय, आणि अम्मी शेगडीशी, पाठमोरी. तिची ती हिरवी ओढणी. अजून डोळ्यासमोर आहे.”

मी म्हटलं, “हिरव्या ओढणीला कोपऱ्यात भोक होतं ना?”

“हो, होतं.”

“भोक पडल्यावर ती मला मिळाली. तुला आठवते ती मी आहे.”

मला वाटलं, आता पटलं. म्हणाला, “आपा, वय झालं तुझं. गल्लत होते.” आणि मग, अगदी मायेने, “डॉक्टरला दाखवू या का?”

दाखवलं. दाखला मागे आहे.

४. भांडीकुंडी.

मोठं पातेलं माझ्या भावाला. न घासता द्यावं.

तारेची घासणी भावजयीला. ती दर ईदला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, “आपा, मी काही करू का?” तिचा एक पाय कायम मधल्या खोलीत असायचा. तिला पोहोचायला वेळ लागतो, म्हणून घासणी घरपोच करावी.

अब्बांचं मशीन आणि कात्री कोपऱ्यावरच्या रफूवालीला. ती वापरेल.

माझी बचत, दफनाचा खर्च जाऊन जी उरेल ती, नियमाने जिकडे जाते तिकडे जावी. मला त्यात पडायचं नाही.

बैठकीतली काचेची बशी मी एकवीस वर्षांची असताना फुटली असं सगळ्यांना सांगितलं होतं. ती कपाटाच्या वर कापडात आहे. अम्मीची आवडती होती. ती आता फोडायला हरकत नाही.

५. स्वयंपाकघर, त्यातला ओटा, नळ, मागचं दार आणि मागच्या दाराची पायरी, हे सगळं माझ्या भावाच्या सुनेला.

का, ते लिहिते.

दुकान सुरू झालं तेव्हा काही वर्षं खीर मीच करून द्यायचे. मग माझा खांदा गेला, आता घरच्या ईदपुरतीच होते. धाकट्याने बाटलीतला वास आणला, धुराचा, थेंबभर टाकतात. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, पहिल्यासारखी राहिली नाही. म्हणून या रमजानच्या आधी तो घरी आला, सोबत मिस्त्री. माझ्या स्वयंपाकघरात मोठ्या शेगड्या बसवायच्या, मागच्या दाराने माल काढायचा. मी म्हटलं, माझा खांदा वर होत नाही. तो म्हणाला, “तू नुसती खुर्चीत बस आणि सांग. सूनबाई उभी राहील. घरातल्याच बाईचा हात लागला पाहिजे ना, चव टिकते.”

सून तिथेच होती. ती दातांच्या कवळ्या बनवते, एका प्रयोगशाळेत. लोकांच्या तोंडाचे साचे येतात, ती मेण लावते, दात बसवते, घासते. तिच्या हातचे दात घालून या गल्लीतले निम्मे म्हातारे हसतात. तिने विचारलं, “आणि माझी नोकरी?”

धाकटा म्हणाला, “घरचाच धंदा आहे, बेटा. कुणाकडे हात पसरायला नको.”

माझा भाचा, म्हणजे तिचा नवरा, मोबाइलमध्ये बघत म्हणाला, “अब्बू म्हणतात तर बघू ना.”

मिस्त्री तोवर भिंत ठोकून बघत होता.

सगळे गेल्यावर ती मागे राहिली. ओट्यावर चढून बसली, पाय खाली सोडून. म्हणाली, “फुफी, एक विचारू? तुम्हाला आवडते का ही खीर?”

बावन्न वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “जळकी लागते.”

तिला हसू आवरेना. “मला पण. मी लग्नाच्या पहिल्या ईदला रुमालात थुंकले होते.”

तेव्हाच ठरवलं. अम्मी गेली तरी ही शेगडी विझली नाही, मी गेले तर विझायला हवी. नाहीतर माझ्या जागी ही. पुढे हिची मुलगी, हिच्या जुन्या ओढणीत.

वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे या वारशाला अट घालता येते, म्हणून अट अशी:

<s>सदर स्वयंपाकघरात कायमची चूल, शेगडी अथवा गॅस पेटवला जाणार नाही, कोणताही पदार्थ शिजवला जाणार नाही, आणि सदर जागेत सूनबाई यांनी कवळ्यांचेच काम करावे.</s>

वरच्या ओळी मी खोडल्यात. खोडताना मी शुद्धीवर होते, पण चिडलेली होते. दोन्ही साक्षीदारांनी बाजूला सह्या केल्यात. कारण लिहून ठेवते, नाहीतर उद्या धाकटा म्हणेल, बघा, गल्लत.

इथवर लिहून झालं तेव्हा ती आली. मी लपवायला नको म्हणून वाचायला दिलं. उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं होतं, गळ्यात पडेल.

म्हणाली, “ही अट काढा.”

“का? तुझ्याच भल्याची आहे.”

“उद्या मला चहा करावासा वाटला तर?”

“चहाचं लिहिते वेगळं.”

“फुफी,” ती म्हणाली, “मी इथे काय शिजवायचं ते अब्बू ठरवणार. काय नाही शिजवायचं ते तुम्ही ठरवणार. मला कुणी विचारणार आहे का?”

मला राग आला. मी म्हटलं, “मी तुला वाचवतेय.”

“माहितीय. म्हणून भांडतेय. नाहीतर हो म्हटलं असतं, तुमच्या भाच्यासारखं.”

मी पेन खाली ठेवलं. बाहेर बेकरीवाला ट्रे आपटत होता. मी विचारलं, “मग काय करशील इथे?”

“अजून माहीत नाही. कदाचित कवळ्या. कदाचित भाड्याने देईन. कदाचित शिजवेन पण, मला आवडतं ते.”

“आणि खीर? ती शिकवू का तुला? नंतर राहून जाईल.” विचारताना माझा आवाज जरा वेगळा आला, ते मलाच ऐकू आलं.

तिने मान हलवली. “नको. मला यायलाच नको ती. आली की कुणीतरी मागणार.”

बरोबर बोलली. मी अकरा वर्षांची असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर. तरी मला लागलं. जिचा मला आयुष्यभर तिटकारा आला ती खीर, आणि ती कुणालाच नको म्हटल्यावर मी ओट्याकडे तोंड करून भांडी लावायला लागले. भांडी आधीच लावलेली होती.

म्हणून अट खोडली. स्वयंपाकघर तिला, बिनशर्त, कायमचं. विकेल, भाड्याने देईल, कुलूप लावेल, तिची मर्जी. धाकट्याला मागच्या दारातून माल काढायचा असेल तर तिची परवानगी मागावी. तिने नाही म्हटलं तर समोरच्या दारातून काढावा, ते त्याचंच आहे.

६. खीर. म्हणजे ती कशी करायची ते. वर तीनमध्ये मी वासाचं बोलून गेलेय, पण तेवढ्यावर कुणाला जमणार नाही, जमलं तर मला आश्चर्य वाटेल. खरं काय ते मी कुठे लिहून ठेवलेलं नाही आणि कुणाला शिकवलेलं नाही.

यावर भावाचा हक्क आहे का, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. त्यांनी विचारलं, “मुळात ती कुणाची?”

तर त्याबद्दल माझं निवेदन असं. माझा भाऊ, भावजय, भाचा, कापडाचे व्यापारी, छापखान्यातल्या मुलाची आई, सगळी गिऱ्हाइकं आणि डब्यावरचा छापील मजकूर, या सगळ्यांचं एकमताने म्हणणं आहे की ती खीर अम्मीची. मी ते म्हणणं आज मान्य करते. ती अम्मीची असेल तर माझ्या मालमत्तेत येत नाही. जे माझं नाही ते मी कुणाला देऊ शकत नाही, आणि माझ्या वारसाने ते माझ्याकडून मागू नये. ज्याला हवी त्याने अम्मीकडून घ्यावी.

७. या मृत्युपत्राची तामिली वकीलसाहेबांनी करावी. आधी कुठे काही लिहून दिलं असेल ते रद्द. भावाने चार महिन्यांपूर्वी सही करायला आणलेला कागद मी चुलीत घातला, तो आपोआप रद्द आहे.

सही

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळत नाही आणि ज्यांनी मला सही करताना समोर बसून बघितलं:

कोपऱ्यावरचा बेकरीवाला (सही)
गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा (सही. म्हणाला, “आपा, ही शेगडी अजून वीस वर्षं चालेल.” मी म्हटलं, चालू दे.)

ठिकाण: सदर स्वयंपाकघर.
तारीख: एकोणतिसावा रोजा, दुपार. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाहीतर परवा.

नोंदणी कचेरी उद्यापासून बंद, म्हणून मी आणि सून आत्ताच निघतोय, परत यायला रात्र होईल. धाकटा संध्याकाळी घरच्या ईदची खीर न्यायला येईल. दूध ओट्यावर आहे.